वेलकम केतन

चारकोपच्या सर्वेश परबला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला एका गंभीर आजाराचं निदान झालं. मुलगा कॉम्प्युटर शाखेत, आणि त्याला प्रोग्रॅमिंग आवडत नव्हतं. आवडायचं काय, तर लिफ्ट दुरुस्त करायला.

"नापास झालास तरच सोडायचं," बाबांनी निकाल दिला. "पास होणारा पोरगा लिफ्टीत हात काळे करतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील, मेल्या?"

सुटकेचा मार्ग अधिकृतपणे मंजूर झाला.

पण त्या कॉलेजात नापास होणं सोपं नव्हतं. प्रॅक्टिकलचे प्रोग्राम सिनियरच्या पेनड्राइव्हमधून घ्यायचे, ही तिथली परंपरा. बँकेचा प्रोग्राम चालू केला की अख्ख्या लॅबच्या स्क्रीनवर झळकायचं, 'वेलकम केतन'. हा केतन कोण, कुणालाच माहीत नाही. नाव बदलायला प्रोग्राम उघडावा लागतो, आणि उघडला की तो बंद पडतो, असा डिपार्टमेंटचा अनुभव होता.

परीक्षा घ्यायला बाहेरून साहेब आले. ओळखपत्रावर नाव, केतन. सर्वेश खूश! चोरी थेट मालकाच्याच हातात.

"सर, हा प्रोग्राम माझा नाही. कळत नाही, आवडत तर अजिबात नाही. नापास करा ना, प्लीज."

साहेबांचे डोळे पाणावले. "अजून चालतोय?"

"म्हणजे तुम्हीच लिहिलाय?"

"छे रे! माझ्या सिनियरचं नाव पण केतनच. म्हणून तर त्याचा घेतला. बदलायचं टेन्शन नाही."

"मग करा ना नापास!"

"वेडा आहेस? उद्या कुणी विचारलं, मला कसं पास केलं, तर?"

पंचवीसपैकी चोवीस. एक मार्क खरं बोलल्याचा कापला.

शेजारी गार्गी. तिला प्रोग्रॅमिंगचं वेड, प्रोग्राम स्वतः लिहून आणलेला. स्क्रीनवर आलं, 'वेलकम गार्गी'.

साहेबांच्या कपाळाला आठ्या. "यात केतन कुठेय? आउटपुट चुकलंय."

गार्गी नापास.

"लकी आहेस यार," सर्वेश तिला म्हणाला. तिने चप्पल काढली.

सर्वेशला कॉलेजातूनच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. बाबांनी पेढे वाटले. आता अख्खा सेक्टर सल्ल्याला येतो. परवा तुम्हीही आलात, बारावीतल्या लेकीला घेऊन, तिला कॉम्प्युटरला घालायचं म्हणून.

"काका, तिला आवडतं का, विचारलंत?" सर्वेशने हळूच विचारलं.

तुम्ही हसलात.

"विचारायचंय काय त्यात? तुला तरी कुठे आवडायचं? झालंच ना तुझं चांगलं!"