बिचारीची मान

"डॉक्टर, दोन्ही माद्या, दोघींची ऑपरेशनं झालेली, मग ही सारखी तिच्या पाठीवर का चढते?"

प्रश्न इतका खणखणीत आला की दवाखान्यातला पोपटसुद्धा गप्प झाला. काचेच्या दाराबाहेर मैत्रिणी एकमेकींवर कोसळून हसत होत्या. भरल्या दवाखान्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारून दाखवायची पैज होती आणि ठकीने ती जिंकली होती. तिच्या बाबांमध्ये मात्र लाजण्याचंही त्राण उरलं नव्हतं. मांडीवर सशांची टोपली धरून त्यांनी नुसती मान खाली घातली.

सगळं सुरू झालं एका दातावरून. दोघींपैकी पांढरी ससुली दात दाखवायला दवाखान्यात गेली आणि औषधाचा वास घेऊन परत आली. तोवर तिच्या कुशीत झोपणारी काळी एकदम तिच्या पाठीवर स्वार झाली.

"आजारी जिवावर दादागिरी? फौजदार कुठली!" आई ओरडली. त्या दिवसापासून काळी झाली फौजदार आणि पांढरी झाली बिचारी.

मग फौजदार चढली की बाबा झाडू आडवा घालत, आई उशी फेकून मारी आणि ठकी सोफ्याखाली लोळण घेऊन दोघींना सोडवी. घाम पुसून होतोय न होतोय तोच फौजदार पुन्हा वर! मध्ये पुठ्ठ्याची भिंत उभारली, ती दोघींनी मिळून कुरतडली. मग इस्त्रीचं टेबल आडवं टाकलं. त्याच्यावरून उडी मारून न्हाणीघरात जाताना आईचा अंगठा ठेचला.

"बास झालं! माझ्यात आता जीव नाही. रविवारी फौजदार मावशीकडे!" आईने जाहीर केलं. बाबांनी मान खाली घातली, म्हणजे ठरलंच. ठकीने मात्र रडून रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून आधी दोघींना दवाखान्यात आणलं होतं.

"ती चढली की तुम्ही काय करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सोडवतो," बाबा म्हणाले. "दर वेळी. एकदाही चुकलो नाही."

"म्हणून तर मिटत नाही. दोघींत मोठी कोण, ते त्या ठरवतायत. तुम्ही दर वेळी निकालाआधीच सामना बंद पाडता. रक्त निघालं, केस उपटले किंवा तोंडाच्या बाजूने चढली तर सोडवा. एरवी हाताची घडी घालून बसा."

घरी येऊन तिघं हाताची घडी घालून सोफ्यावर बसले. फौजदार चढली. बाबांनी उशी घट्ट आवळली. जरा वेळाने फौजदार आपणहून उतरली आणि बिचारीने तिच्यापुढे मान खाली घातली.

"शरण गेली गं, गरीब गाय," आई हळहळली.

पण फौजदार तर बिचारीचं कपाळ चाटू लागली! कपाळ झालं, कान झाले. जरा थांबली, तर बिचारीने नाकाने एक ढुशी दिली आणि चाटणं निमूट पुन्हा सुरू. ठकीने लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"मान खाली घालून सेवा करून घेते? मग मोठी तीच!" फोनवरून हसू आलं. "वर चढणारी वरचढ असेलच असं नाही. ते मान घालणं शरण जाणं नव्हे, तो हुकूम असतो."

फोन ठेवला तोवर बाबांनी एक सुस्कारा सोडून मान खाली घातली होती.

"दमलात ना? चहा टाकते," म्हणत आई ठेचल्या अंगठ्याने लंगडत उठली. जाता जाता तिने त्यांच्या पाठीमागे उशी सरकवली आणि पंखा त्यांना हवा तेवढा केला. हे सगळं ती तोंडाने "मेलं एक काम कुणाला सुचत नाही या घरात!" असं बडबडत करत होती.

ठकीने एकदा बिचारीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण घसा फोडून काय काय मागितलं आणि त्यातलं काय मिळालं, ते तिला आठवलं.

आई चहा घेऊन आली, तेव्हा ठकी आईबाबांच्या मधोमध जाऊन बसली. तिने हनुवटी छातीला टेकवली आणि एक लांबलचक उसासा सोडला. आईचा हात आपसूक तिच्या केसांत गेला.

"काय झालं गं बाळा?"

"काही नाही," ठकी अगदी मऊ आवाजात म्हणाली. "फौजदार मावशीकडे जाणार नाही, एवढं ठरवलंय मी. आणि आई, जरा कानामागे खाजव ना."