सबनिसांचा पहिला सीझन

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या फार्मसीत आमचे सबनीस तुम्हाला खोकल्याचं औषध देतील, पण त्याआधी अमेरिकेतल्या कुठल्या तरी पोराचं भविष्य सांगतील. कॉलेज बास्केटबॉल हे त्यांचं वेड. त्यातही फक्त पहिल्या वर्षाची पोरं. पुढे ती नावारूपाला आली की सबनिसांचा रस संपला. "पिकल्यावर आंबा कोणीही ओळखेल हो," म्हणतात, "मोहोरात ओळखा."

दोन खेळाडूंची तुलना ते अशी करतात, की घरात लग्नाची मुलगी आहे असं वाटावं. यंदा मंडळाच्या तिळगूळ समारंभात मला सांगत होते, "एकाचे हात लांब, दिसायला राजबिंडा, आल्या आल्या नाव काढलं. पण जरा अंगावर आलं की गांगरतो. दुसरा बेताचा, पण डोकं थंड. माझी पसंती दुसऱ्यालाच." मागे बसलेल्या जोशीकाकूंना राहवेना. सईला विचारलंत का, म्हणाल्या. सई ही सबनिसांची एकुलती एक मुलगी. शिवाय तो पहिला तुम्हाला नकोच असेल, तर आमच्या पोरिरुआच्या भाचीसाठी बघू का, हेही त्यांनी विचारून घेतलं.

मोठेपणा ओळखायची सबनिसांची कसोटी एकच. शॉट हुकल्यावर जो तडक मागे डिफेन्सला पळतो, तो मोठा होणार. जो डोक्याला हात लावून उभा राहतो, तो गेला कामातून. डोक्याला लावलेल्या या एका हातापायी त्यांनी भलेभले मोडीत काढलेत, आणि माझ्यासारख्याने वाद घातला तर चहा न विचारता घरी पाठवलंय.

सई स्वतःही बास्केटबॉल खेळते. गेल्या ऑगस्टमध्ये स्कॉलरशिप मिळवून अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात गेली. तिच्या मॅचेस आपल्याकडे रविवारी भर जेवणाच्या वेळेला येतात. सईची आई मेधावहिनी पिठलं-भात करतात आणि मी शेजारधर्म म्हणून हजर असतो. पण सई कायम बाकावर, एका धिप्पाड मुलीच्या आड. कॅमेरा फिरला की कधी पोनीटेल दिसायची, कधी गुडघा. एरवी अखंड बडबडणारे सबनीस या मॅचला तोंडातून शब्द काढत नसत.

मध्यंतरी सईने फोनवर सांगून टाकलं, की बाबाने एकदा आपल्याला खेळताना बघावं आणि निकाल द्यावा. त्याला आपल्यात दम वाटला नाही, तर आपण सगळं सोडून घरी येणार. लहानपणापासून बाबाचे निकाल ऐकत वाढलेली पोर ती. वहिनींची झोप उडाली.

परवाच्या रविवारी मॅच संपत आली असताना कोचने सईला उठवलं. आम्हीही उठलो. वहिनींच्या हातात पिठल्याचा डाव तसाच. मी "कमॉन सई" म्हणून असा ओरडलो, की शेजारच्या गोऱ्या आजोबांनी कुंपणावरून सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत एकदम मस्त, असं मी खिडकीतून ओरडलो आणि वळलो, तोवर बॉल सईकडे आला होता. समोर कोणी नव्हतं. तिने शॉट मारला. बॉल रिंगवर आपटून बाहेर आला.

आणि सई दोन्ही हात डोक्याला लावून उभी राहिली.

मी ताटातल्या भाताकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. वहिनींनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, यू सॉ इट. बी ऑनेस्ट. ॲम आय गुड इनफ?"

सबनिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ते मला नाही कळलं, बाळा," ते म्हणाले. "इतके महिने नुसता तुझा गुडघा बघत होतो. आज तू अख्खी दिसलीस."

मग फोनवर एरवी इंग्रजी न सोडणारी सई हळूच म्हणाली, "पुढच्या संडेला पण बघ हां, बाबा."