पोर्ट ८०८० आणि कुसाबाई

"मॅडम, पोर्टला उगाच हात लावायचा नाही. आधी खालची हिरवी ओळ वाचायची," असं ऑफिसातले मोतीराम मला एकदा म्हणाले होते. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेल्या बाईला केबल ओढणारा माणूस काय शिकवणार?

यंदाच्या, म्हणजे २००६ च्या, फेब्रुवारीतली गोष्ट. तृप्ती दहा महिन्यांची. तिला कुसाबाईंवर सोपवून मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीत अकरा कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर सांभाळते. कुसाबाई पेठ तालुक्यातल्या, माणूस सोन्यासारखं. पण माझा जीव म्हणजे गॅसवर ठेवून आलेलं दूध. म्हणून घरच्या कॉम्प्युटरला कॅमेरा लावला आणि मोडेममध्ये ८०८० नंबरचा पोर्ट उघडला. पोर्ट म्हणजे दारच की. नंबर जुळला, की ऑफिसात बसून पाळणा दिसायचा. कुसाबाईंना फक्त एवढंच सांगितलं, "ते कॉम्प्युटरचं आहे."

मंगळवारी तृप्तीचं अंग कोमट होतं, तरी गेले. अकरा वाजता पाहते तर चित्र काळंभोर. घरी फोन लावला, कोणी उचलेना.

पोर्टच बिघडला, मी निदान केलं. ८०८१ टाकला. 'कनेक्शन रिफ्यूज्ड', म्हणजे दार बंद. बघा, म्हटलं नव्हतं? ८०८२. रिफ्यूज्ड. मग ऑफिसच्या फायरवॉलचे, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याचे, नियम पुसले आणि सर्व्हरच बंद करून चालू केला. लाइट गेल्यावर होतात तशा अकरा माना एकदम वर झाल्या.

"मॅडम, सर्व्हर कुठं गेला?" मोतीराम खुर्चीमागे उभे.

"येतोय."

"कुठपर्यंत आलाय?"

त्यांनी परत ८०८० टाकला. खाली हिरवी ओळ उमटली, 'कनेक्टेड'. चित्र मात्र काळंच. "लाइन ठीक आहे. जे काही आहे ते घरी आहे. निघा तुम्ही, इथलं मी बघतो."

रिक्षात डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं.

घरी तृप्ती कुसाबाईंच्या मांडीवर झोपलेली, कपाळावर ओली पट्टी. आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर काजळाची ही एवढी तीट.

"त्यो डोळा मिटतच नाय, ताई," कुसाबाई कुजबुजल्या. "तापल्या पोरीला नजर लागंल. फोन वाजला, पन तवाच निजली व्हती. कशी उठू?"

"अहो, तो डोळा माझाच होता. मी ऑफिसातून बघायचे."

"तुमचाच? मंग पोरीवर व्हता, का माझ्यावर?"

उत्तर साधं होतं. मी तृप्तीच्या कपाळावरची पट्टी भिजवून आणायला उठले.

बुधवारी त्या आल्या नाहीत. गुरुवारीही नाहीत. शुक्रवारी तृप्तीला कडेवर घेऊन पेठ नाक्यावरच्या त्यांच्या खोलीवर गेले, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "गावाला गेली. ताप व्हता अंगात लय."

तृप्तीचाच ताप असणार.

कॅमेरा मी काढून ठेवलाय. मला त्यांच्या गावाचं नावही ठाऊक नाही. पेठच्या रस्त्यावर करंजाळीच्या पुढचा कुठलासा पाडा, एवढंच. तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्यानं जात असाल, तर नाशकात पोरं सांभाळणाऱ्या कुसाबाई कुठं राहतात ते विचारा. ताप उतरलाय का, पाहून या. लांबून नको, ओट्यावर बसा, त्यांच्याकडून पाणी मागून प्या, मग विचारा.