फणीची दुसरी बाजू

शिवणकाम करणाऱ्या लेकीने दाराकडे बघत बघत आईच्या फणीतले केस काढले आणि पाकिटात भरले. आईला जाऊन वर्ष झालं होतं. आपल्याच घरात चोरी करण्याची ही तिची पहिलीच वेळ.

आई अनाथालयात वाढलेली. माहेर कुठलं, असं कुणी विचारलं की हसून म्हणायची, "शोध चाललाय." शेवटच्या दिवसांत मात्र हसली नाही. "माझं कुणीतरी असेलच की गं. बघशील?"

प्रयोगशाळेतला एक ओळखीचा तपासनीस अर्ध्या पैशांत वंशाची डीएनए तपासणी करून द्यायला तयार झाला. तेवढे पैसे जमवायला लेक चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधून दिवस काढत होती.

अखेर त्याचा फोन आला. "ताई, हे केस पुरुषाचे आहेत."

"काहीतरीच! आजारपणात कापले होते आईचे, म्हणून आखूड."

"आखूड-लांबचा प्रश्न नाही हो. पुरुषाचेच."

शेजारी बसलेल्या आत्याने कपाळावर हात मारला. "घ्या! बायको पुरुष, आणि माझ्या दादाला इतक्या वर्षांत पत्ता नाही! नाहीतर घरात पुरुष आहेच कोण? दादा? त्याच्या डोक्यावर माशी बसली तरी घसरेल!"

संध्याकाळी दादा, म्हणजे लेकीचे बाबा, आरशासमोर दिसले. डोळे मिटून कानामागचे चार केस विंचरत होते.

"बाबा, तुम्हाला फणी कशाला लागते?"

"लागत नाही," ते म्हणाले. "बारीक दातांनी मी विंचरतो. जाड दात तिचे. तिकडे मी हात लावत नाही."

लेक फणीकडे वाकून बघू लागली. तिने केस काढले होते बारीक दातांतले. जाड दातांत दोनच पांढरे केस अडकले होते.

तिने सगळं सांगितलं. बाबा फणी पुढे करून म्हणाले, "हे दोन ने. तिला तिची माणसं कळायला हवी होती."

लेकीने तपासनिसाला फोन लावला. "आईचे दोन केस सापडलेत. तपासून ते परत मिळतील का हो?"

"नाही. पण केस हवेत कशाला? तुमची लाळ चालली असती. आईकडचं तुमच्यात आहेच की."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाकीट टेकवलंत आणि पळालात! आता पुन्हा पैसे पडतील."

लेकीने चष्म्याच्या काडीवर दोऱ्याचा आणखी एक वेढा दिला. बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते.

"केस बघ किती विस्कटलेत. तिला चालायचं नाही हे." त्यांनी फणी तिच्या हातात ठेवली. "विंचर. पण माझ्या बाजूनं हं."