एक दिवा गेलेलं यान

कुणी फोटो दाखवला की बघावा, "वा, छान" म्हणावं आणि फोन परत करावा. एवढी साधी रीत मी पाळली असती, तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण मी खिशातून रुमाल काढला आणि आधी चष्मा पुसायचं ठरवलं.

तिथून सगळं बिघडलं.

माझं दिव्यांचं दुकान आहे. झुंबरं, टेबललॅम्प, भिंतीवरचे दिवे, सगळं मिळतं. शाळा मी मध्येच सोडली (शाळेचं म्हणणं वेगळं आहे, पण ते जाऊ द्या). माल पारखायला मात्र मी कुणाकडे शिकलो नाही, माझं मीच शिकलो. फार पूर्वी एक गोडबोल्या माणूस "परदेशी काचेचं झुंबर" घेऊन दुकानात आला होता. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा राजवाड्यातूनच उठून आलाय. मी काही न बोलता एका लोलकाला नखानं टिचकी मारली. काच असती तर 'टिण्ण' वाजली असती. आवाज आला 'टप्'. प्लॅस्टिक! तो गृहस्थ चहा अर्धा टाकून जो गेला, तो पुन्हा त्या रस्त्यानं दिसला नाही. तेव्हापासून माझा या नखावर फार विश्वास. खुर्ची असो, कलिंगड असो, नाहीतर माणूस असो, टिचकी मारल्याशिवाय मी काही घरात घेत नाही.

आणि आता घरात यायचा होता जावई.

मुलगा जनावरांचा डॉक्टर. माझ्या मुलीनं त्याला स्वतःच पसंत केला होता, त्यामुळे मला आधीच संशय. तो पहिल्यांदा घरी आला त्या संध्याकाळी मी त्याला नीट न्याहाळून घेतलं. कमी बोलतो, बशी पुसल्यासारखी रिकामी करतो, विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. इतका सरळ माणूस मी गिऱ्हाइकांत कधी पाहिला नाही, म्हणजे काहीतरी लपवत असणार. चहा झाल्यावर तो उठून जेवणघराच्या खिडकीशी गेला. आमची ती खिडकी रंगाच्या वेळी जी चिकटली ती आजवर उघडलेली नाही. बाहेर आकाश जांभळं झालं होतं. त्यानं काचेतूनच तीन फोटो काढले. मी आपला टेबलाशी बसून चहाचा दुसरा कप संपवत होतो. हिनं मला तेवढ्यातही ऐकवलं, "अहो, या दिव्यातला एक बल्ब गेलाय. पाहुण्यांसमोर बरं दिसतं का? स्वतःचं दुकान आहे ना?"

"उद्या बदलतो," मी म्हणालो. (गेले कित्येक महिने मी हेच म्हणत होतो.)

दोन दिवसांनी मुलाच्या आत्याबाईंनी माझ्या फोनवर ते तिन्ही फोटो पाठवले. आईबापांमागे तिनंच त्याला वाढवलेला. मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाली, पण आवाज अजून नोकरीत आहे. खाली लिहिलं होतं : 'तुमच्या खिडकीतून आमच्या मुलाला काय दिसलं ते पाहा. आमच्या इमारतीत सगळ्यांना दाखवलं.'

मी चष्मा पुसला आणि पाहिलं.

समोरच्या पाण्याच्या टाकीवर, जांभळ्या आकाशात, एक तबकडी तरंगत होती. कडेनं हिरवट झाक, खाली गोलाकार दिवे. दुसऱ्या फोटोत ती टाकीच्या उजवीकडे सरकलेली. आणि तिसऱ्यात तबकडीच्या बरोबर खाली तो! गुळगुळीत, चकाकणारं डोकं. डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या, गोल, लकाकत्या चकत्या. तोंड नाहीच. तोंडासमोर दोन्ही हातांनी धरलेलं कसलंसं पांढरं यंत्र.

"बनावट!" मी ओरडलो.

"काय झालं?" ही आतून आली.

"हा पोरगा भामटा आहे! कॉम्प्युटरवर परग्रहावरचा प्राणी बनवतो आणि माझ्या खिडकीत चिकटवतो! आत्या तर त्याच्या वरताण. तिला मास्तरीण कुणी केली? असली बाई मी दुकानात उभी केली नसती," असं म्हणत मी सवयीनं फोनवर नखानं टिचकी मारली. एकदा, दोनदा, तीनदा. काच होती, वाजलीही ठीक. पण फोनमधून आणखी एक आवाज आला.

"बोला, व्याहीबुवा. ऐकतेय मी."

टिचकीनं फोन लागला होता. पहिल्या टिचकीला लागला की तिसऱ्या, हे विचारायची हिंमत मला आजही नाही.

"रविवारी संध्याकाळी येतो आम्ही," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही तपासा काय तपासायचं ते. फोटो खोटे आहेत हे सिद्ध करा. केलंत, तर आमचा मुलगा पुन्हा तुमच्या दारात उभा राहणार नाही. नाही करता आलं, तर भामटा शब्द सगळ्यांसमोर परत घ्यायचा."

त्यानंतर मुलाचाही फोन आला. "काका, ते काय आहे मला माहीत नाही. परग्रहावरचं आहे असंही मी म्हणत नाही, ते आत्या म्हणते. मी एवढंच सांगतो, की मी त्यात काही घातलेलं नाही."

आता हे असं शांतपणे कोण बोलतं? एक तर खरा माणूस, नाहीतर पक्का मुरलेला. मी धंद्यातला माणूस, मी मुरलेला धरला.

मुलीनं माझ्याशी बोलणं बंद केलं. बंद म्हणजे, कामापुरतं चालू होतं, पण ते आईमार्फत. मी समोर बसलेला असताना ती म्हणायची, "आई, त्यांना विचार, मीठ हवंय का." मी म्हणायचो, "हवंय." मग ती म्हणायची, "आई, ते काय म्हणाले?" दोन जेवणं मी अळणीच गिळली. मला काळजी नव्हती असं नाही हो. पोर हसायची थांबली की घरातला उजेडच कमी होतो. पण खोटं बोलणाऱ्याच्या हाती ती द्यायची? नाही. मी तपासाला लागलो.

फोटो घेऊन मी चौकातल्या स्टुडिओवाल्याकडे गेलो. हा माणूस लग्नाच्या फोटोंत टक्कलावर केस उगवतो आणि सासवांना हसवतो. बनवाबनवी त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? त्यानं फोटो मोठ्या पडद्यावर ताणला आणि विचारलं, "शेठ, निकाल कुठला काढायचाय? खरा की खोटा?"

"जो असेल तो!"

"तसं गिऱ्हाईक आमच्याकडे येत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं. बराच वेळ कडा बघितल्या, सावल्या बघितल्या. "शेठ, जोड काही सापडत नाही. पण डोक्यावरची ही चमक फार आहे. ती घालवून देऊ का? सगळ्यांची घालवतो."

"परग्रहवाल्याची चमक घालवून मला काय त्याला स्थळ शोधायचंय?" मी चिडून फोटोच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या आणि निघालो. जोड सापडत नाही याचा अर्थ एकच, मुलगा फार हुशारीनं फसवतो.

दुकानात बसून मी ते फोटो दिवसभर न्याहाळले. उजेडासमोर धरले, उलटे धरले, वास घेतला. आणि शेवटी मला पुरावा सापडला! असा पुरावा, की जो दिव्यांच्या माणसालाच सापडावा. मी एकटाच हसलो. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक काही न घेता निघून गेलं.

रविवारी दोघं आले. आत्याबाई टेबलाच्या एका टोकाला अशा बसल्या, की मला वर्गातला मागचा बाक आठवला. मुलगा त्यांच्या शेजारी, माझी मुलगी बरोबर त्याच्या समोर, ही स्वयंपाकघराच्या दारात. मी माझ्या नेहमीच्या जागी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. अजून बाहेर उजेड होता. हिनं सगळ्यांना चहा दिला. मी फोटो टेबलावर मांडले आणि घसा साफ केला.

"पुरावा पहिला. या तबकडीखाली दिवे किती आहेत? पाच पेटलेत. आणि ही सहावी जागा? काळी. म्हणजे एक दिवा गेलेला. आता मला सांगा, जो कुठल्या कुठून, तारे ओलांडून येतो, तो निघताना दिवे तपासणार नाही? एक बल्ब बदलायची ज्याला अक्कल नाही, तो यान चालवणार? हे चित्र करणारा शेवटचा दिवा रंगवायला विसरला. एवढा आळशी, एवढा गबाळा प्राणी या विश्वात असूच शकत नाही!"

स्वयंपाकघराच्या दारातून ही म्हणाली, "असतो."

"तू मध्ये बोलू नकोस. पुरावा दुसरा. हा प्राणी. डॉक्टर, तुम्ही जनावरांतले. तुमचंच मत सांगा."

मुलगा अवघडला. आत्याबाई म्हणाल्या, "सांग. घाबरतोस कशाला?"

त्यानं फोटो हातात घेतला. "वय झालेलं असावं. पोषण उत्तम आहे, जरा जास्तच. मान जवळजवळ नाही. ते पांढरं यंत्र तोंडाशी धरलंय, बहुतेक आपली हवा मानवत नसावी. स्वभाव सांगता येत नाही, पण असे दिसणारे प्राणी सहसा भित्रे असतात. काका, मी आजवर पुष्कळ प्राणी पाहिले. हा त्यातला नाही."

"नाहीच मुळी!" मला उकळ्या फुटत होत्या. "अहो, असलं डोकं निसर्ग करतच नाही! निसर्गाला काही लाज आहे की नाही? भोपळ्याला सुद्धा याहून बरा आकार असतो. आणि हे डोळे! आणि हे पोट, खाली टेबलासारखं काहीतरी दिसतंय त्याच्यावर टेकलंय बघा. कॉम्प्युटरवर बसल्याबसल्या पोराचा हात सुटला आणि तो वाढवतच गेला. कुठल्याही जिवंत बाईनं असल्या प्राण्याला घरात ठेवून घेतलं असतं का? तुम्हीच सांगा, आत्याबाई!"

आत्याबाई फोटोकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघू लागल्या. मग पुन्हा फोटोकडे. मला वाटलं, बाई खचली.

मुलीचे डोळे भरून आले होते. "बाबा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी आईला वगळून थेट मला म्हणाली. "तो खोटं बोलत नाही."

अशा वेळी मी चहा पितो. मी कप दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला.

"अंधारलं," ही म्हणाली. "दिवा लावते." आणि तिनं बटण दाबलं.

समोरच्या खिडकीत, पाण्याच्या टाकीवर, जांभळ्या आकाशात तबकडी प्रकट झाली. हिरवट कडा, पाच दिवे पेटलेले, सहावा काळा. आणि तिच्या बरोबर खाली तो! चकाकतं डोकं, दोन पांढरे लकाकते डोळे, तोंडासमोर यंत्र.

मी घाबरून कप खाली घेतला.

त्यानंही यंत्र खाली घेतलं.

मी मान वर करून माझ्या डोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. हा दिवा दुकानात बरीच वर्षं पडून होता, कुणी घेईना, म्हणून मी घरी आणून लावलेला. माझा माल मी अंधारात हात लावून ओळखतो असं गावभर सांगतो. हाच तेवढा उजेडात ओळखू आला नाही.

"व्याहीबुवा," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "कप जरा परत वर धरा बघू."

मी धरला. काय करणार?

"हां," त्या म्हणाल्या. "आता पटलं."

माझी मुलगी टेबलावर डोकं ठेवून हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, मुलानं तिला पाणी दिलं. तो स्वतः लाल झाला होता. "काका, ते मानेचं वगैरे मी... म्हणजे आम्हाला तपासताना तशीच भाषा असते. आणि पोषण उत्तम असणं ही चांगलीच गोष्ट आहे."

"आणि भित्रा?" मी विचारलं.

तो खोटं बोलू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो गप्प बसला.

"मग निकाल?" आत्याबाईंचा आवाज पुन्हा शाळेत गेला. "फोटो खरे की खोटे?"

खोटे म्हणावं तर पोरीचं हसणं जाणार. खरे म्हणावं तर भोपळ्यापासून निसर्गाच्या लाजेपर्यंत सगळं माझ्याच खाती येणार. मी उठलो, खिडकीशी गेलो आणि काचेवर नखानं टिचकी मारली. टिण्ण.

"काच अस्सल," मी म्हणालो. "फोटो अस्सल. पोरगाही अस्सल. भामटा शब्द परत घेतला, आत्याबाई."

"आणि तो प्राणी?" त्यांनी विचारलं.

"तो माझा आहे," ही म्हणाली. "तुम्ही मघाशी विचारत होतात ना, कोण ठेवून घेईल म्हणून."

लग्न ठरलं. आता जावयाच्या फोनवर माझा फोन गेला की माझ्या नावाशेजारी तोच तिसरा फोटो दिसतो. बदल म्हटलं तर म्हणतो, "बाबा, त्यात तुमचं तोंड झाकलंय म्हणून तरी बोलावंसं वाटतं." खोटं बोलत नाही, हीच त्याची एक खोड.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी दुकान उघडताच मी पहिलं काम केलं. सगळ्यात चांगला, सगळ्यात प्रखर बल्ब निवडला, घरी नेला, स्टुलावर चढून त्या काळ्या जागी बसवला. आत्याबाईच काय, ताऱ्यांवरून कुणी आलं तरी माझ्या दिव्याला नावं ठेवणार नाही, असं म्हणत खाली उतरलो, माझ्या जागी बसलो आणि हिला बटण दाबायला सांगितलं. सहाच्या सहा दिवे लखलखले. खिडकीत सगळं स्वच्छ, अगदी बारीकसारीक दिसू लागलं.

मी थोडा वेळ पाहिलं. मग निमूटपणे पुन्हा स्टुलावर चढलो आणि जुना, गेलेला बल्ब होता तिथं परत लावून ठेवला.