आप्पांचे दोन कान आणि पाच स्पीकर

आप्पा बिस्किट खाण्याआधी ते कानाजवळ नेऊन मोडायचे. 'कट्' असा आवाज आला तर चहात, नाही आला तर परत बशीत. "दमट हाय," एवढंच म्हणायचे. समोरच्या घरात राहायला आल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा माझ्या बायकोने ठेवलेली सहाच्या सहा बिस्किटं त्यांनी नापास केली. मी शाळेत गणित शिकवायचो, पण इतका कडक पेपर मीसुद्धा कधी तपासला नव्हता. बायको आठ दिवस धुमसत होती. मग बाजारात जाऊन तिने घट्ट झाकणाचा डबा आणला.

आप्पा मूळचे विट्याकडचे. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात ते हळदीचे पारखी होते. पोत्यातलं एक हळकुंड उचलायचं, डोळे मिटायचे, एकदा उजव्या कानाशी मोडायचं, एकदा डाव्या. नीट वाळलेली हळद मोडताना खणखणीत वाजते, ओल राहिली असेल तर नुसतीच तुटते. आप्पा "खणखणीत" म्हणाले की व्यापारी पुढे सरकायचे, "दमट" म्हणाले की शेतकरी मुकाट्याने पोतं शिवायला घ्यायचा. कुणी वाद घातल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पुढे पुढे त्यांनी सगळं जगच या दोन ढिगांत वाटून टाकलं. निवडणुकीतलं भाषण दमट. आमच्या हेडमास्तरांचा आवाज दमट. पुतणीला बघायला आलेला मुलगा "मी इंजिनिअर आहे" म्हणाला तेव्हा आप्पा आत जाऊन भावजयीला म्हणाले, "पोरगं खणखणीत हाय, होकार द्या." ते लग्न उत्तम चाललं आहे, हे मला मान्य करावं लागतं.

अशा माणसाचा जुना टेपडेक सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला बंद पडला. गाणं हे आप्पांचं एकच व्यसन. संध्याकाळी यार्डातून आले की हातपाय धुऊन बाहेरच्या खोलीत बसायचे आणि सनई नाहीतर अभंग लावायचे, तेही खिडकीच्या काचा थरथरेपर्यंत. आता नवीन काय घ्यायचं हा प्रश्न आला आणि आमची अख्खी गल्ली कामाला लागली.

त्यांचा मुलगा कोइमतूरला गलाईच्या धंद्यात होता. सोनं गाळायचं दुकान, वर्षातून एकदा गावाकडे फेरी. त्याने फोनवर सांगून टाकलं, "आप्पा, आता होम थिएटर घ्या. पाच स्पीकर येतात. पैसं मी देतो. पोरं सुट्टीला आली की पिच्चर बघतील."

"पाच?" आप्पा म्हणाले. "मला कान दोनच हायत की रं."

तरी त्यांच्या मनातून ते जाईना. नातवंडं पिक्चरच्या ओढीने चार दिवस जास्त राहतील, हा हिशेब त्यांनी बोलून दाखवला नाही, पण मला दिसत होता. एक दिवस म्हणाले, "मास्तर, जन्मात एकदाच घ्यायची वस्तू, आन ही मोडून बघता येत न्हाई. काय करावं?"

आम्ही दुकानात गेलो. एका बाजूला दोन स्पीकरचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर, काळा, वजनदार, समोर चार-पाच बटनं. दुसऱ्या बाजूला होम थिएटरचा रिसीव्हर, हलका, अंगभर बटनं आणि निळा दिवा. आप्पांनी दोन्ही उचलून पाहिले, बोटाने वाजवून पाहिले. मग दुकानदाराला म्हणाले, "चालू करा, पण गाणं लावू नगा."

"मग ऐकणार काय?"

"आदी गप बसल्यावर कसं वागतंय ते बघू द्या."

दुकानात सगळ्यांना गप्प बसवून आप्पा पाच मिनिटं स्पीकरला कान लावून उभे राहिले. दोन गिऱ्हाइकं आली आणि कुणीतरी गेलं असावं अशा समजुतीने हळूच परत गेली. दुकानदार मुळात हळदवाल्यांच्या घरातला, आप्पांच्या कानाचा दबदबा जाणून होता. त्याने दोन्ही वस्तू आठ-आठ दिवस घरी वापरून बघायला दिल्या, जोडीला स्पीकर आणि सीडी प्लेअरही.

आधी रिसीव्हर आला. दोन स्पीकर पुढे, एक मधे, दोन पाठीमागे. गल्ली जमली. कुठलासा मारधाडीचा पिक्चर लावला, हेलिकॉप्टर मागच्या कोपऱ्यातून आलं आणि शेजारच्या देशपांडे वहिनी पदर सावरून खाली वाकल्या. लोक टाळ्या वाजवत होते. आप्पा मात्र सारखे मागे वळून बघत होते.

"सवय होईल," मी म्हटलं.

"आवं, बाजारात चाळीस वर्सं काढली. माझ्या माघारी कोण बोलाय लागलं की मला सौदा फिसकटल्यावानी वाटतं."

मग स्टिरिओ ॲम्प्लिफायर आला. सनई लावली आणि आप्पांचा चेहराच बदलला. "वाजवणारा फुंकर मारायच्या आदी श्वास घेतोय बगा," ते म्हणाले. मला काही ऐकू आलं नाही, पण त्यांच्यावर माझा विश्वास होता. गल्लीने मानलं की निकाल लागला.

पण आप्पा दुकानात जाईनात. मुदत संपत आली, तरी दोन्ही खोकी भिंतीशी तशीच. शेवटच्या दिवशी भर दुपारी त्यांनी मला बोलावलं.

इथे काकूंबद्दल सांगायला हवं. आप्पांच्या पत्नी आदल्या दिवाळीत अंगणात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, पण त्यांना परत उभं राहता आलं नाही. आतल्या खोलीत कॉटवर असायच्या. आप्पा सकाळी त्यांची वेणी घालून यार्डात जायचे. वेणी वाकडी असायची आणि काकू ती दिवसभर तशीच ठेवायच्या.

"मास्तर," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "परवा तिला इचारलं, नव्यावर सनई कशी वाटली? तर म्हणली, मला न्हाई कळली. मी तिच्या कॉटवर जाऊन बसलो तवा समजलं. भिंतीतनं नुसतं धपधप येतंय. मला गाणं, तिला धपधप. किती म्हयने झालं, मी हितं मान डोलवतोय, आन ती आत हे ऐकतीय. बोलली न्हाई कवा. माझा कान गेला कुटं हुता?"

त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी ॲम्प्लिफायर फिरवून त्याची पाठ माझ्यासमोर केली. "हितं ए आन बी लिवलंय. पुस्तक विंग्रजीत हाय. वाचा."

मी वाचलं. ए म्हणजे स्पीकरची एक जोडी. बी म्हणजे दुसरी जोडी, हवी तर दुसऱ्या खोलीत. रिसीव्हरच्या पुस्तकात तसली सोय नव्हती, त्याचे पाचही एकाच खोलीत बसवायचे होते.

"दुसऱ्या खोलीत," आप्पांनी माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. मग लगेच चपला घालून दुकानात निघाले.

होम थिएटर घेत नाही असं मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो नुसतं "बरं" म्हणाला. आप्पांना ते लागलं, पण त्यांनी खरं कारण काही त्याला सांगितलं नाही. गल्लीला सांगितलं, "कान दोनच हायत," आणि गल्लीला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मेकॅनिक आला. जुन्या डेकचे स्पीकर काकूंच्या कॉटसमोर फळीवर बसले, चौकटीच्या कडेने वायर गेली. जाता जाता तो म्हणाला, "आप्पा, एक सांगतो. दोन्ही खोल्यांना आवाजाचं बटन एकच हाय. हितं वाढवला की आतबी वाढणार."

मला वाटलं, झालं. काचा थरथरल्याशिवाय ज्याला गाणं गोड लागत नाही, त्याचं आता कसं व्हायचं?

आप्पांनी सनई लावली, बटनावर हात ठेवला आणि आत हाक मारली, "किती ठिवू गं?"

"तुमाला बरं वाटंल तेवडा ठिवा," आतून आवाज आला.

"माझं ऱ्हाऊ दे. तुझं सांग."

मग काकू सांगू लागल्या, "कमी... अजून कमी... आता थोडा वर... हां. बास."

आवाज इतका बारीक झाला होता की बाहेरच्या खोलीत मला डोक्यावरच्या पंख्याची घरघरच ऐकू येत होती. मे महिना होता, सांगलीतला. आप्पांनी वर पाहिलं, उठले आणि पंखा बंद केला. मग घाम पुसत आम्ही दोघे बसून ऐकत राहिलो.