चार्ज कुणी घेतला?

अन्याय झाला आहे सुदुंबऱ्याच्या निवृत्तीभाऊंवर. गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता, सोमाटण्यात, ते हजर नसताना, चहा पिता पिता. हात वर करणाऱ्या पाचांत मीही होते, म्हणून हे पत्रक मीच लिहिते.

मावळात एसटी खरोखर किती वाजता येते, हे सांगणारं ॲप आम्ही सहा जण फुकटात चालवतो. त्याचा कोड इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल आणि कुणालाही खाली मत लिहिता येईल असा ठेवलेला. आपली प्रत घ्यायची, बदल करायचा, दुसऱ्या कुणी तपासला की तो मूळ कोडात जातो.

भाऊ कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. निवृत्तीनंतर कोडिंग शिकले, पण शिफ्ट काही सुटली नाही. बदलासोबत एका ओळीची टीप लिहा म्हटलं, तर यांची टीप: "बटण हिरवे केले. जुने बटण सुस्थितीत होते. दुपारी गाय व्याली. चार्ज घ्यावा." पाठोपाठ फोन. "ताई, चार्ज कुनी घेतला?" पुढच्या पाळीच्या माणसानं ताबा घेतल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा त्यांचा धर्म. आमचं उत्तर येईपर्यंत लॅपटॉप बंद होत नाही. जेवतातही त्याच्यासमोर.

एकदा आम्ही दोघांनी एकच ओळ बदलली आणि स्क्रीनवर 'कॉन्फ्लिक्ट' उमटलं. तासाभरात भाऊ तळेगावात माझ्या दारात, हातात पेरूंची पिशवी. "मशीन म्हनतंय आपलं वाजलंय. माजं चुकलं आसंल तर सांगा." त्या भल्या माणसाशी भांडलीस कशाला, असं आई अजून विचारते.

तर आरोप असा, की भाऊंच्या प्रत्येक बदलात एक चूक असते. एकच. कधी कंस राहतो, कधी बटण गुलाबी होतं. आमचा अमूल्य वेळ जातो. म्हणून ठराव झाला, भाऊंना काढायचं. सांगायला मला सुदुंबऱ्याला पाठवलं.

भाऊंनी ओट्यावर बसून शांतपणे ऐकलं. "व्हय, चुका हायेत. मीच ठेवतो."

"का?"

"बरोबर आसलं की तुमी निसता अंगठा धाडता. चुकलं की चौघं लिवता. हितं दिवसभर कोन बोलतंय?" मग घाईनं म्हणाले, "गाडीच्या वेळंत कदी न्हाई हां चूक केली. मानूस उन्हात ताटकळंल."

घरी येऊन मी त्यांचे सगळे बदल उघडले. वेळांमध्ये खरंच एकही चूक नव्हती. प्रत्येक टिपेखाली आम्ही चुकीवर तावातावानं लिहिलेलं. गाईला कालवड झाली की गोऱ्हा, हे एकानंही विचारलं नव्हतं.

येत्या रविवारी मी ठराव मागे घ्यायला लावणार आहे. पण तुम्ही तोवर थांबू नका. भाऊंचा शेवटचा बदल अजून तिथंच, तपासणीच्या रांगेत आहे. आज उघडा. अंगठा धाडू नका. खाली लिहा, "भाऊ, चार्ज घेतला." आणि गाईचं विचारा.